पट्टी झाकून बघा

28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातल्या बटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकरमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला. स्पर्धेला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म, म्हणजे त्या किताबासाठी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी, नव्हता. विजेतेपदाबरोबरच किताब मिळाल्याने परतली ती थेट ग्रँडमास्टर होऊन, देशातली 88वी. पेढे वाटून होतात न होतात तोच बुद्धिबळाच्या वर्तुळात एक सूर लागला, आणि तो अजून पुरता थांबलेला नाही. मुलगी हुशार आहे, पण जिंकली नशिबाने, असा तो सूर. अंतिम लढतीच्या पहिल्याच डावात विजय तिच्या हातात होता, तो तिने घालवला. उपांत्य फेरीत तान झोंगयीविरुद्धचा 101 खेळींचा डाव म्हणजे दोघींनी आळीपाळीने केलेल्या चुका. शेवटच्या रॅपिड डावात तर जिंकलेली स्थिती तिने हातची जाऊ दिली आणि हम्पी पुन्हा चुकली म्हणून निभावले. संगणकाचे इंजिन लावा आणि हुकलेल्या विजयी खेळी मोजा, मग कळेल कसली ग्रँडमास्टर ते!

यातल्या वस्तुस्थितीशी माझे भांडण नाही. संधी हुकल्या, हे दिव्या स्वतःच बोलली. डावाची अखेर कशी खेळायची ते मला अजून शिकायला हवे, हे तिने विजयाच्या ताज्या आनंदातच सांगून टाकले. माझे भांडण आहे ते या वस्तुस्थितीवरून काढलेल्या निष्कर्षाशी, आणि त्याहून अधिक तो निष्कर्ष ज्या खुर्चीत बसून काढला जातो त्या खुर्चीशी.

हल्ली डाव थेट बघताना पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी दिसते. पांढऱ्याची स्थिती सुधारली की पांढरा भाग वर चढतो, काळ्याची सुधारली की काळा. एखाद्या खेळीनंतर ती पट्टी एकदम उडी मारते आणि बघणारा ओरडतो, "अरे, जिंकणारी खेळी आहे इथे!" मग तो शोधायला लागतो, अर्ध्या मिनिटात त्याला ती सापडतेही, आणि खेळाडूने तीन मिनिटे विचार करून भलतीच खेळी केली की तो कपाळावर हात मारतो. आपण ती खेळी शोधली, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असते. पण कोडे सोडवताना सर्वांत मोठी मदत उत्तराची नसते, इथे कोडे आहे या बातमीची असते, आणि ती बातमी त्याला पट्टीने आयती दिलेली असते. कोड्यांच्या पुस्तकात प्रत्येक आकृतीखाली 'पांढऱ्याची खेळी, पांढरा जिंकतो' असे छापलेले असते. ती एक ओळ पुसली आणि तीच आकृती साध्या दिसणाऱ्या वीस आकृत्यांत मिसळून दिली, तर पुस्तकातले तरबेज गडीही निम्म्या वेळी तिच्यावरून पुढे निघून जातील. पटावर बसलेल्या खेळाडूला अशा साठ-सत्तर आकृत्या ओळीने येतात, एकीखालीही काही लिहिलेले नसते, आणि घड्याळ चालू असते.

हे कोवळ्या वयाचे दुबळेपण असते तर गोष्ट वेगळी होती. 15 नोव्हेंबर 2014 चा सोचीतला डाव बघा. जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव, दोघांचे गुण समान. पांढऱ्या बाजूने मॅग्नस कार्लसनने 26व्या खेळीला राजा डी2 वर आणला. ती घोडचूक होती. विश्वनाथन आनंदने घोड्याने ई5 वरचे प्यादे मारायचे होते. पांढऱ्याने हत्तीने जी8 वरचा हत्ती उचलला असता, तर लगेच परत न मारता त्याच घोड्याने सी4 वरचे प्यादे शह देऊन टिपायचे आणि मग निवांत हत्ती वसूल करायचा. राजा नेमका डी2 वर आला होता म्हणूनच तो मधला शह लागू पडत होता. दोन प्यादी पदरात आणि डाव जवळजवळ खिशात. इतकी छोटी गोष्ट. जिल्हा पातळीवरच्या मुलाला ती आकृती 'काळ्याची खेळी' असे सांगून दाखवली, तर तो शोधून काढेल. आनंदने मात्र ए-स्तंभातले प्यादे एक घर पुढे सरकवले. ते करताक्षणी त्याला दिसले. पलीकडे कार्लसनलाही दिसले होते, तो मान खाली घालून बसला होता. आनंद तो डाव हरला आणि पुढे लढतही. अपेक्षा नसली की समोर ठेवलेली भेटसुद्धा माणूस उचलत नाही, अशा अर्थाचे तो नंतर बोलला.

आनंदच्या आरंभीच्या वर्षांत त्याच्या झटपट कॉम्बिनेशन, म्हणजे एकात एक गुंतलेल्या खेळींची साखळी, बघण्याचे दाखले जगभर दिले जात. पाच वेळचा जगज्जेता दोन खेळींचे कॉम्बिनेशन चुकवतो याचा अर्थ त्याला ते करता येत नव्हते असा नाही. समोरच्या इतक्या वरच्या पातळीच्या खेळाडूकडून त्या क्षणी तशी चूक येईल हे त्याच्या हिशेबातच नव्हते, म्हणून त्याने तिकडे पाहिले नाही. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी 1946 साली मांडलेला अभ्यास इथे आठवतो. ग्रँडमास्टर सामान्य खेळाडूपेक्षा फार खोलवर मोजत असतील, ही समजूत त्यात टिकली नाही. ते योग्य खेळीकडे सुरुवातीलाच बघतात, असे द ग्रोट यांना दिसले. म्हणजे सगळा खेळ नजर कुठे जाते याचा. आणि नजर जाते ती भीतीकडे, योजनेकडे, आधीच्या खेळीत रंगवलेल्या चित्राकडे. इंजिनला भीती नाही, योजना नाही, आधीची खेळीही आठवत नाही. त्याच्या नजरेचे माप माणसाच्या नजरेला लावायचे, आणि तेही माणूस एकोणीस वर्षांचा असताना, ही तुलनाच मुळात चुकीची आहे.

याचीच दुसरी बाजू सिंगापूरला दिसली. 12 डिसेंबर 2024, गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा आणि शेवटचा डाव. बरोबरीकडे चाललेल्या स्थितीत डिंगने 55व्या खेळीला हत्ती एफ2 वर नेला. गुकेशने हत्तींची मारामारी केली, उंट डी5 वर आणून कोपऱ्यात ए8 वर अडकलेल्या पांढऱ्या उंटाला अदलाबदल करायला भाग पाडले. मागे फक्त राजे आणि प्यादी उरली, त्यात काळ्याचे एक प्यादे जास्त. तीन खेळींत डिंगने डाव सोडला आणि अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. पण डाव संपल्यावर गुकेशने काय सांगितले? डिंगची चूक त्याला पहिल्या क्षणी दिसलीच नव्हती. तो हत्ती बी3 वर न्यायच्या बेतात होता, इतक्यात पांढरा उंट अडकतोय हे लक्षात आले. बघणाऱ्या साऱ्या जगाला पट्टीने ओरडून सांगितलेली बातमी पटाजवळ बसलेल्या माणसाला स्वतःच शोधावी लागली, आणि ती त्याने शोधली. ते काही क्षण पुढे सरकले असते आणि हत्ती बी3 वर गेला असता, तर आज गुकेशचे नाव 'विजयी खेळी हुकवणारे पोर' या यादीत असते. प्रतिभा तीच, अभ्यास तोच, फक्त शेरा उलटा.

त्या लढतीनंतर व्लादिमिर क्रॅमनिकने जगज्जेतेपद असल्या बालिश चुकीवर ठरावे याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला आणि बुद्धिबळाचा शेवटच झाल्याचा सूर लावला. क्रॅमनिक माझ्या आवडत्या खेळाडूंपैकी एक. कास्पारोव्हला 2000 साली लढतीत हरवणारा माणूस. पण 2006 च्या नोव्हेंबरात बॉनला डीप फ्रिट्झ या संगणकाविरुद्ध, स्वतः जगज्जेता असताना, त्याने वजीर ई3 वर नेला आणि पुढच्याच खेळीत एच7 वर मात घेतली. एका खेळीतली मात! डिंगची चूक त्यापेक्षा कितीतरी दडलेली होती. त्याहून मागे जायचे तर 1892 साली हवानामध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत चिगोरिनने स्टाइनिट्झविरुद्ध चांगल्या स्थितीत उंट हलवून दोन खेळींतली मात स्वतःवर ओढवून घेतली, आणि लढत तिथेच संपली. 1902 मध्ये माँटे कार्लोला गेऑर्ग मार्कोने तर जिंकणारी खेळी पटावर असताना डाव सोडून दिला. जगज्जेतेपदे आणि मोठ्या स्पर्धा अशा चुकांवर पूर्वीही ठरत आल्या आहेत. फरक एवढाच की तेव्हा त्या चुका कळायला महिने लागत, आता त्या घडताक्षणीच पट्टी हलते.

नशिबाच्या आरोपाला आणखी एक उत्तर आहे आणि ते मला सर्वांत पटणारे वाटते. 17 ऑक्टोबर 1956 रोजी न्यूयॉर्कच्या मार्शल चेस क्लबमध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नला हरवले. बुद्धिबळ लेखक हान्स क्मोखने त्याला शतकातला डाव म्हटले, आणि नाव चिकटले. अकराव्या खेळीला घोडा ए4 वर. सतराव्या खेळीला वजीर मारला जाऊ देऊन उंट ई6 वर. बर्नने तो उंट मारला असता तर वजिराचा बळी देऊन घोड्याने कोंडलेल्या राजावर मात होती. ती मात पटावर कधी आलीच नाही, पण आजही मुलांना तीच आधी दाखवतात. आता कोणी असे विचारत नाही की हे सगळे सुरू कुठून झाले. सुरू झाले बर्नच्या अकराव्या खेळीने: राजा मध्यावर उघडा असताना एकदा बाहेर काढलेला उंट त्याने पुन्हा हलवून जी5 वर नेला. साधी विकासाची खेळी केली असती तर शतकातला डाव जन्मालाच आला नसता. म्हणजे फिशरचा डावही समोरच्याच्या चुकीवर उभा आहे. जगातले प्रत्येक कॉम्बिनेशन तसेच उभे असते. दोन्ही बाजूंनी अचूक खेळलेल्या डावात कॉम्बिनेशनला जागाच नसते. फिशरच्या बाबतीत आपण या चुकीला 'संधी हेरली' म्हणतो, दिव्याच्या बाबतीत 'नशीब' म्हणतो. हा शब्दांचा दुटप्पीपणा कुठून येतो, ते मला ठाऊक आहे. जानेवारी 2024 मध्ये विक आन झीच्या स्पर्धेनंतर दिव्यानेच जाहीरपणे लिहिले होते की प्रेक्षक तिच्या खेळाऐवजी तिचे कपडे, केस आणि उच्चार यांवर बोलत राहतात. तेव्हा ती अठराची होती. आता निदान खेळावर बोलतात, म्हणून समाधान मानायचे की काय?

आणि दिव्याकडे डिंगइतका वेळही नव्हता. शेवटचा डाव रॅपिड होता, प्रत्येकीला 15 मिनिटे आणि दर खेळीमागे 10 सेकंदांची भर. समोर 2002 साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली हम्पी. डाव पुढे सरकल्यावर बराच काळ दोघी त्या वाढीव सेकंदांवरच खेळत होत्या. पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरे उरले की संगणकाला विचारही करावा लागत नाही. तशा प्रत्येक स्थितीचे अचूक उत्तर आधीच मोजून साठवून ठेवले आहे. प्रेक्षक पट्टीकडे बघून "आता बरोबरी, आता विजय, आता परत बरोबरी" म्हणतो, तेव्हा तो खेळ बघत नसतो, उत्तरपत्रिका वाचत असतो. त्यातल्या काही 'विजयी' खेळी अशा असतात की त्या का जिंकतात हे ग्रँडमास्टरला तास देऊन विचारले तरी तो नीट सांगू शकणार नाही. असली खेळी हुकणे आणि समोर पडलेला हत्ती न उचलणे, या दोन्हींना पट्टी एकच लाल खूण करते.

इथेच पट्टीवाल्या टीकेचा खरा कमकुवतपणा आहे. हुकलेली खेळी किती मोठी होती ते तिला कळते, का हुकली ते कळत नाही. खेळाडूला ती खेळी दिसलीच नाही का? की दिसली, पण शेवटची स्थिती त्याला बरोबरीची वाटली? की दिसली, मोजलीही, आणि तरी त्याने मुद्दाम साधा रस्ता धरला, कारण तोही जिंकणारा होता आणि त्यात दमछाक कमी होती? शेवटच्या प्रकारात तर चूकच नाही. पण इंजिनच्या हिशेबात आठ खेळींतल्या मातेची जागा तीस खेळींच्या विजयाने घेतली की शेरा पडतो. की सगळे दिसत होते आणि घड्याळात चार सेकंद उरले होते? या चार गोष्टींवर उपाय चार वेगळे आहेत. पहिलीला रोजची कोडी, दुसरीला डावाच्या अखेरीचा अभ्यास, तिसरीला काहीच नाही, चौथीला सुरुवातीच्या खेळींत वेळ वाचवायची सवय. कुठली गोष्ट घडली ते फक्त खेळाडू सांगू शकतो, आणि तेही कोणी नीट विचारले तर. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांत वाढलेल्या जुन्या पिढीला हे सांगावे लागत नसे. डाव संपला की दोघे खेळाडू पट मांडून पोस्टमॉर्टेमला बसत, बाकीचे भोवती उभे राहत, आणि पहिला प्रश्न असे: "इथे तू काय बघत होतास?" आता मुलाचा डाव संपायच्या आत पालकाच्या मोबाइलवर लाल खुणा मोजून झालेल्या असतात आणि पोर सभागृहाबाहेर आले की तोंडावर आकडा फेकला जातो.

याउलट, मुलांच्या चुका काढूच नका, ती कोमेजतील, असे म्हणणाऱ्यांशीही मला सहमत होता येत नाही. चूक झाकून कोणी मोठा खेळाडू झालेला नाही. माजी जगज्जेता मिखाइल बोत्विन्निकचा तर आग्रह असे की खेळाडूने आपल्या डावांवर स्वतः टिपणे लिहावीत आणि ती छापावीत, म्हणजे लोक त्यांतल्या चुका काढतील. दिव्याचा बटुमीतला प्रत्येक डाव असाच चिरफाड करून बघावा. हम्पीविरुद्धच्या पहिल्या डावात ऐन सुरुवातीलाच हाती आलेले वर्चस्व कसे सुटले, हा प्रश्न फुकाचा नाही. माझे म्हणणे एवढेच की बघणाऱ्याने आधी पट्टी झाकावी. डाव त्या स्थितीपर्यंत आणावा, घड्याळात तिच्याकडे जितका वेळ होता तितकाच लावावा आणि आपली खेळी कागदावर लिहावी. मग इंजिन उघडावे. हा प्रयोग करणारे 'नशिबाने' हा शब्द सहसा पुन्हा वापरत नाहीत. आणि जे वापरतात त्यांच्या कागदावर बरोबर खेळी लिहिलेली असेल, तर त्यांचे ऐकायला मी तयार आहे.

आकड्यांचे भक्त मला एक गोष्ट विचारतील: मग इतक्या चुका करूनही कोण पुढे जाणार आणि कोण नाही, हे ओळखायचे कसे? मला वाटते, हुकलेल्या खेळींवरून ते ओळखता येतच नाही. मार्च 2004 मध्ये रेक्याविकला तेरा वर्षांच्या कार्लसनने कास्पारोव्हविरुद्ध रॅपिड डावात एक प्यादे जास्त मिळवले, कास्पारोव्ह घामाघूम झाला, आणि शेवटी डाव बरोबरीत सुटला. पुढचा डाव मुलगा हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. तो विजय हुकला म्हणून काय सिद्ध झाले? त्या वयात त्या माणसासमोर तशी स्थिती उभी करता येते, ही बातमी खरी होती. जिंकणारी खेळी हुकवण्याआधी ती उपलब्ध होईल अशी स्थिती कोणीतरी घडवावी लागते. ती घडवणारा तोच मुलगा, तीच मुलगी असते. दिव्या स्पर्धेत पंधराव्या मानांकनावर होती. दुसरे मानांकन असलेली झू जिनेर, हरिका, तान झोंगयी आणि हम्पी, एकामागून एक या साऱ्यांविरुद्ध अशा स्थिती आपोआप येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात समरकंदला ग्रँड स्विस स्पर्धा झाली, तेव्हा जगज्जेतेपदाची आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेतली जागा आधीच पक्की झालेली दिव्या महिला गटाऐवजी खुल्या गटात खेळायला उतरली, आणि जगज्जेत्या गुकेशशी तिने बरोबरी केली.

आणि मुलांच्या डावांवरून भविष्य सांगण्याचा मोह मोठमोठ्यांनाही आवरत नाही. बोत्विन्निकच्या बुद्धिबळ शाळेत बाराएक वर्षांचा अनातोली कार्पोव्ह आला, तेव्हा त्याचे डाव बघून या मुलाला बुद्धिबळ कळत नाही, या पेशात त्याचे काही होणार नाही, असे बोत्विन्निक म्हणाल्याचे प्रसिद्ध आहे. तेव्हा आपले ज्ञान कच्चे होते हे कार्पोव्हने पुढे मान्यच केले. पण भविष्य सांगून बोत्विन्निक थांबला नाही. त्याने मुलाला गृहपाठ दिला. तो करायला पुस्तके उघडावी लागली, नेट लावून बसावे लागले, आणि त्याचा आपल्याला फार उपयोग झाला असे कार्पोव्हने नंतर लिहिले. 1975 साली तो जगज्जेता झाला.